भाड्याचा व्हीपीएस : सामान हलवण्याआधी काय लावायचं, काय मोजायचं

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला तुकडा. रॅम आणि डिस्कवरची जागा तुमच्या वाट्याची असते. प्रोसेसरचा वेळ, डिस्कचा वेग आणि नेटवर्क मात्र त्याच यंत्रावरच्या शेजाऱ्यांसोबत वाटून घ्यावं लागतं. प्लॅनच्या पानावर पहिल्या दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात आणि त्या बहुधा खऱ्याच निघतात. सर्व्हर चालतो कसा हे ठरतं उरलेल्या तीन गोष्टींवर, आणि त्या मोजल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून पहिला आठवडा सर्व्हरवर साइट टाकायचीच नाही. आधी तो कुलूपबंद करायचा, मग मोजायचा, एकदा मुद्दाम पुसून पुन्हा उभा करायचा, आणि त्यानंतर ठेवायचा की सोडायचा ते ठरवायचं.

एक सूचना : कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पैसे भरण्याआधी

पहिल्यांदा घेताना महिन्याच्या किंवा तासाच्या हिशेबानेच घ्या. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले की सवलत मिळते, पण सर्व्हर रद्दी निघाला तर ती सवलतच पायातली बेडी होते. पैसे परत मिळण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि नूतनीकरणाचा दर पहिल्या महिन्याइतकाच आहे का, या दोन ओळी अटींमध्ये शोधून वाचा. तासाच्या बिलिंगमध्ये आणखी एक मेख असते. सर्व्हर नुसता बंद केला तरी बहुतेक ठिकाणी मीटर चालूच राहतो, कारण डिस्क आणि आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तुमच्यासाठी अडवून ठेवलेले असतात. सर्व्हर डिलीट केल्यावरच बिल थांबतं.

व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्राचे अनेक सर्व्हर करण्याची पद्धत) कुठलं ते बघा. केव्हीएम असेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तुमचा स्वतःचा असतो. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन), वायरगार्ड (व्हीपीएन), स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) सगळं नेहमीसारखं चालतं. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी ही कंटेनरची व्यवस्था आहे. तिथे कर्नल यजमान यंत्राचा असतो आणि तो बदलणं तुमच्या हातात नसतं. स्वस्तात स्वस्त प्लॅन पुष्कळदा याच जातीचे असतात. सर्व्हर हातात आल्यावर ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही कमांड दिली की एका शब्दात उत्तर मिळतं.

अंतराला पर्याय नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल कधीच सरळ रेषेत जात नाही. तुमचे वापरकर्ते जिथे आहेत त्याच्या जवळचं डेटा सेंटर निवडा. तुम्ही स्वतः कुठे बसता याने फारसा फरक पडत नाही.

महिन्याच्या ट्रान्सफरचा (डेटाच्या कोट्याचा) आकडा प्रत्यक्षात किती होतो ते एकदा मांडून बघण्यासारखं आहे. १ टीबी म्हणजे तीस दिवस अखंड चालणारा जेमतेम ३ मेगाबिटचा प्रवाह. तोच १ टीबी १०० मेगाबिटच्या लाइनवर साधारण २२ तासांत संपतो आणि १ गिगाबिटवर सव्वादोन तासांत. साध्या साइटला तो पुरून उरतो. व्हिडिओ किंवा बॅकअप साठवणाऱ्याला नाही. कोटा संपल्यावर वेग कमी करतात की जादा बिल लावतात, हेही आधीच विचारा. वेग कमी झाला तर साइट रडतखडत का होईना चालते, पण बिल आलं तर रडायची पाळी तुमच्यावर येते.

स्टॅटिक साइट किंवा एखादा छोटा बॉट १ जीबी रॅममध्ये मावतो. डेटाबेस आणि पीएचपी एकत्र ठेवायचं असेल तर २ जीबीपासून सुरुवात करा. मोठी डिस्क उगाच घेऊ नका. ती पुढे वाढवता येते, पण कमी करणं बहुतेक ठिकाणी शक्यच नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमला दीर्घ मुदतीचं पाठबळ असायला हवं : उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती किंवा डेबियनची ताजी स्थिर आवृत्ती. यादीत सेंटओएस ८ अजून दिसत असेल तर तिकडे वळू नका, तिचं पाठबळ २०२१ च्या अखेरीस संपलं. पुढची माहिती उबुंटू-डेबियन धरून दिली आहे.

पहिला अर्धा तास

इंटरनेटवर नवा आयपी जिवंत झाला की काही मिनिटांत पासवर्ड चाचपणारे बॉट दारात हजर होतात. हे तुमच्याच नशिबी नाही, सगळ्यांनाच होतं. सर्व्हरवर दुरून लॉगिन होतं ते एसएसएच या सुरक्षित जोडणीने, आणि तिथे पासवर्डपेक्षा की बरी. म्हणून सर्व्हर तयार करण्याआधीच आपल्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ देऊन कीची जोडी बनवा आणि तिचा सार्वजनिक भाग (डॉट पब शेवट असलेली फाइल) पॅनलमध्ये, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या नियंत्रणाच्या पानावर, टाका. मग रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) पासवर्ड ईमेलने येण्याची वेळच येत नाही. खासगी कीला पासफ्रेज द्या आणि ती फाइल कोणालाही, सपोर्टवाल्यालाही, पाठवू नका.

पहिल्यांदा लॉगिन करताना सर्व्हरच्या कीचा फिंगरप्रिंट (ओळखीची खूण) दिसतो आणि सगळे डोळे मिटून ‘येस’ म्हणतात. पॅनलच्या कन्सोलवर (ब्राउझरमध्ये उघडणारा सर्व्हरचा पडदा) तोच फिंगरप्रिंट ताडून बघायला मिनिटभर लागतो. त्या निमित्ताने कन्सोल चालतो का तेही कळतं. तो चालत नसेल तर इथूनच परत फिरा, कारण फायरवॉलच्या चुकीने स्वतःच बाहेर अडकलात की आत जायचं तेवढंच एक दार उरतं.

मग सॉफ्टवेअर ताजं करायला ‘एपीटी अपडेट’, ‘एपीटी अपग्रेड’ आणि एक रीबूट. रीबूट टाळू नका. सर्व्हर उठतो की नाही हे रिकामा असतानाच कळलेलं बरं.

आता वेगळा वापरकर्ता. ‘ॲडयूजर’ने तो बनवा आणि ‘यूजरमॉड -एजी सुडो’ने सुडो गटात (रूटचे अधिकार वापरता येणाऱ्यांच्या) टाका. इथला ‘जी’ मोठा असतो, आणि ‘ए’ विसरलात तर वापरकर्ता बाकीच्या सगळ्या पुरवणी गटांतून बाहेर फेकला जातो. रूटच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ची (मान्य कींच्या यादीची) प्रत नव्या वापरकर्त्याच्या ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये ठेवा आणि मालकी बदला. बहुतेक नवखे इथेच अडकतात : फाइल कॉपी होते, पण मालक रूटच राहतो, परवानगी ६०० असल्याने नव्या वापरकर्त्याला ती वाचता येत नाही, आणि लॉगिन नाकारलं जातं. फोल्डर ७००, फाइल ६००, दोन्हींचा मालक तोच वापरकर्ता, एवढं जुळलं की काम होतं.

दुसरी खिडकी उघडून नव्या वापरकर्त्याने आत जाता येतं याची खात्री केल्यावरच पासवर्डचं लॉगिन बंद करा. उबुंटूच्या क्लाउड इमेजवर (कंपनीने आयती ठेवलेली प्रत) यात एक छुपी अडचण असते. तुम्ही एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये, ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिता, सेवा पुन्हा सुरू करता, आणि पासवर्ड तरीही चालूच राहतो. कारण मुख्य फाइलच्या वरच्याच भागात ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ हे फोल्डर ओढून घेतलेलं असतं, त्यात ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची फाइल असते, आणि तिच्यात ‘येस’ लिहिलेलं असू शकतं. ओपनएसएसएच पहिल्यांदा भेटलेली किंमत धरतं, नंतरची सोडून देतं. उपाय सोपा आहे. त्याच फोल्डरमध्ये ‘१०-’ने सुरू होणाऱ्या नावाची आपली फाइल करा आणि पासवर्ड आणि रूट लॉगिन दोन्ही बंद करणाऱ्या ओळी तिच्यात लिहा. मग ‘सुडो एसएसएचडी -टी’ द्या : लहान ‘टी’ व्याकरणाच्या चुका सांगतो, मोठा ‘टी’ प्रत्यक्षात लागू असलेली किंमत दाखवतो. विश्वास ठेवायचा तो मोठ्या ‘टी’वर. हे सगळं होईपर्यंत पहिली खिडकी बंद करायची नाही.

पोर्ट २२ (एसएसएचचं नेहमीचं दार) बदलायचं का? बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. बदलायचंच असेल तर नव्या उबुंटूत एसएसएच सॉकेटवरून (पोर्टवर कोणी आलं की) सुरू होतं हे लक्षात ठेवा; ‘सिस्टिमसीटीएल डिमन-रीलोड’ आणि त्यानंतर ‘एसएसएच.सॉकेट’ रीस्टार्ट केल्याशिवाय नवं पोर्ट लागू होत नाही.

फायरवॉलमध्ये (इथे यूएफडब्ल्यू) क्रमाला महत्त्व आहे. आधी ‘यूएफडब्ल्यू अलाऊ २२/टीसीपी’ (पोर्ट बदललं असेल तर तो आकडा), मग ८० आणि ४४३, आणि सगळ्यात शेवटी ‘यूएफडब्ल्यू इनेबल’. उलटं केलं तर कन्सोल आठवावा लागेल. डॉकर वापरणाऱ्यांसाठी खास इशारा : डॉकरने बाहेर काढलेली पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यू डेटाबेसचं पोर्ट बंद आहे असं सांगत असतं आणि ते जगाला खुलं असतं. पोर्ट देताना आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते सर्व्हरच्या आतच राहील.

‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ (अपडेट आपोआप बसवणारी सेवा) चालू आहे का बघा. २ जीबीपर्यंतच्या रॅमला स्वॅप द्या : ‘फॅलोकेट’ने १ ते २ जीबीची फाइल, परवानगी ६००, ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’, आणि ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याच्या यादीत) एक ओळ. ती ओळ राहिली तर पुढच्या रीबूटनंतर स्वॅप गायब होतो. ती चुकीची पडली तर रीबूटच अडू शकतो. ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने तपासून घ्या. रॅम किती उरली हे ‘फ्री -एच’मध्ये बघताना ‘अव्हेलेबल’चा रकाना वाचा. ‘फ्री’चा आकडा लहान असणं नॉर्मल आहे, कारण मोकळी रॅम लिनक्स डिस्कच्या कॅशसाठी वापरतो आणि लागली की परत देतो.

शेजारी कसे आहेत

आता मुख्य तपासणी. ‘टॉप’ (चालू कामांचा तक्ता दाखवणारी कमांड) उघडल्यावर वरच्या भागात प्रोसेसरची अशी ओळ दिसते : १२.० यूएस, ३.० एसवाय, ०.० एनआय, ६१.० आयडी, ०.५ डब्ल्यूए, ०.० एचआय, ०.५ एसआय, २३.० एसटी. शेवटचा ‘एसटी’ म्हणजे स्टील, चोरीला गेलेला वेळ. तुमच्या व्हर्च्युअल प्रोसेसरला काम करायचं होतं, पण यजमान यंत्राने तो वेळ दुसऱ्याला दिला. या ओळीत जवळपास पाव वेळ गेला आहे, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये कितीही सुधारणा केली तरी तो परत येणार नाही.

बरेच जण सर्व्हर घेतल्या घेतल्या ‘टॉप’ बघतात, ‘एसटी’ शून्य दिसतो, आणि खूश होतात. स्टील मोजला जातो तो तुमचा प्रोसेसर काम मागत असतानाच. रिकामा सर्व्हर काहीच मागत नाही, मग चोरी कसली दिसणार? म्हणून एका खिडकीत ‘सिसबेंच सीपीयू’ची चाचणी जितके कोअर तितके थ्रेड देऊन ३०० सेकंद चालवा आणि दुसऱ्या खिडकीत ‘व्हीएमस्टॅट १’मधला ‘एसटी’चा रकाना बघत बसा. एक-दोन टक्के दिसले तर दुर्लक्ष करा. सतत पाचच्या वर राहत असेल तर तक्रार करून दुसऱ्या यंत्रावर हलवायला सांगा. दहाच्या वर गेला तर बोलण्यात वेळ घालवू नका, सर्व्हर सोडा. अपवाद बर्स्टेबल प्लॅनचा (पूर्ण वेग थोडाच वेळ देणारा) : तिथे तुमचा स्वतःचा कोटा संपल्यावरही हा आकडा फुगू शकतो, आणि तो दोष शेजाऱ्याचा नव्हे, प्लॅन नीट न वाचण्याचा आहे. तासन्‌तास पूर्ण भार टाकून ठेवणं बऱ्याच ठिकाणी अटींत बसत नाही. पाच मिनिटं पुरतात.

हीच चाचणी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करा : पहाटे, दुपारी, आणि सर्व्हरच्या भागातल्या संध्याकाळी, जेव्हा सगळ्यांच्या साइटवर गर्दी असते. सिसबेंच शेवटी सेकंदाला किती फेऱ्या झाल्या ते सांगतो. तो आकडा इतरांच्या आकड्याशी जुळवत बसू नका, आवृत्ती आणि पर्याय बदलले की तो बदलतो. आपलाच पहाटेचा आणि संध्याकाळचा आकडा शेजारी ठेवा. दहा टक्क्यांचा फरक चालून जातो. निम्म्यावर येत असेल तर यंत्रावर माणसं जास्त कोंबली आहेत. आठवड्याची नोंद आपोआप हवी असेल तर ‘सिसस्टॅट’ बसवा. डेबियनवर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ‘इनेबल्ड’ला ‘ट्रू’ करावं लागतं, नाहीतर तो बसतो आणि गप्प राहतो. पुढे ‘एसएआर’ कमांडने दर दहा मिनिटांचा स्टील बघता येतो.

डिस्कसाठी ‘डीडी’चे (डेटा सलग कॉपी करणारी कमांड) आकडे दाखवण्याची जुनी सवय सोडा. साध्या ‘डीडी’ने पुष्कळदा रॅममधल्या कॅशचाच वेग मोजला जातो, आणि तोही मोठाल्या सलग तुकड्यांचा. डेटाबेस तसा लिहीत नाही. तो ४ केबीचे तुकडे इकडेतिकडे लिहितो आणि प्रत्येक वेळी पोचपावतीची वाट बघतो. म्हणून ‘एफआयओ’ (डिस्कची चाचणी घेणारं साधन) वापरा : ‘आरडब्ल्यू=रँडरीड’, ‘बीएस=४के’, ‘आयओडेप्थ=१’, ‘डायरेक्ट=१’, ‘टाइम_बेस्ड’, ‘रनटाइम=६०’, आणि फाइलचा आकार रॅमच्या दुप्पट. प्रत्येक पर्यायाआधी दोन डॅश. चाचणी टेंप फोल्डरमध्ये चालवू नका. डेबियन १३ मध्ये ते मुळातच रॅममध्ये असतं आणि आकडे बघून तुम्ही उगाच हुरळून जाल. होम फोल्डरमध्ये चालवा आणि संपल्यावर फाइल पुसा.

हिशेब सरळ आहे. रांगेत एकच विनंती असताना प्रत्येक वाचनाला ०.२ मिलिसेकंद लागले तर सेकंदाला ५,००० वाचनं होतात, १ मिलिसेकंद लागला तर १,०००. पहिला आकडा त्याच यंत्रातल्या एनव्हीएमईला (वेगवान एसएसडी) साजेसा आहे, दुसरा बहुधा नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कचा. दोन्ही वापरण्याजोगे आहेत. पण प्लॅनवर एनव्हीएमई लिहिलेलं असताना दुसरा आला तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. त्यानंतर ‘आरडब्ल्यू=रँडराइट’ आणि ‘एफडेटासिंक=१’ देऊन लिहिण्याची चाचणी करा आणि निकालात सरासरी नव्हे, सिंकच्या (पोचपावतीच्या) वेळेतला ९९ टक्क्यांचा आकडा वाचा, म्हणजे शंभरातल्या ९९ वेळा काम ज्याच्या आत होतं तो. तो १० मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर त्या डिस्कवर व्यस्त डेटाबेस ठेवू नये.

नेटवर्कसाठी ‘आयपर्फ३’ (दोन यंत्रांमधला वेग मोजणारं साधन) दोन्ही दिशांनी चालवा. मोठा ‘आर’ दिला की दिशा उलटते. एका प्रवाहात वेग कमी आणि चार समांतर प्रवाहांत (‘-पी ४’, इथला ‘पी’ मोठा) जास्त येत असेल तर लाइन बहुधा ठीक आहे. २०० मिलिसेकंदांच्या अंतरावर १ गिगाबिट भरायला २५ एमबी डेटा सतत वाटेत असावा लागतो आणि एका टीसीपी जोडणीला तो सहज जमत नाही. आपल्या संगणकावरून सर्व्हरपर्यंत ‘एमटीआर’चे (वाटेतला प्रत्येक टप्पा तपासणारं साधन) १०० पॅकेट पाठवा. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के गळती दिसली आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य असली तर ती गळती नाहीच. तो राउटर अशा चौकशीला उत्तर द्यायचा कंटाळा करतो, एवढंच. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकत असेल तर ती खरी.

ईमेल पाठवायचा विचार असेल तर पोर्ट २५ बाहेर जाण्यासाठी खुलं आहे का, आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) बदलता येतं का आणि तो आयपी स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत आधीच नाही ना, हे बघा. आयपी वापरलेलेच मिळतात. आधीच्या भाडेकरूचे प्रताप तुमच्या खात्यावर राहतात. खरं सांगायचं तर पहिल्या व्हीपीएसवर मेल सर्व्हर उभारू नये.

एकदा पुसून बघा

मोजणी पटली की स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डिस्कची प्रत) घ्या, एखादी महत्त्वाची फाइल उडवा, आणि स्नॅपशॉटवरून सर्व्हर परत आणा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग पॅनलमधून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवा आणि वरच्या सगळ्या पायऱ्या आपल्या टिपणांवरून पुन्हा करा. लॉगिन करताना होस्ट की बदलल्याचा भयंकर इशारा येईल. नुकतंच तुम्हीच पुसलं असल्यामुळे तो अपेक्षित आहे. ‘एसएसएच-कीजेन’ला मोठा ‘आर’ आणि आयपी देऊन जुनी नोंद काढा. काहीही न करता तो इशारा आला तर मात्र थांबा.

स्नॅपशॉट त्याच कंपनीकडे, त्याच खात्यात असतो. खातं बंद झालं की तोही गेला. म्हणून ‘रेस्टिक’ किंवा ‘बोर्ग’ने रोजचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी पाठवा. डेटाबेसच्या चालू फाइल नुसत्या कॉपी करू नका, आधी डंप (सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत) काढा. अर्धवट लिहिलेल्या फाइलची प्रत परत उभी राहीलच असं नाही.

साइट हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था) टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. जुना सर्व्हर आणखी चार दिवस चालू ठेवा आणि त्याच्या लॉगमध्ये येणाऱ्या विनंत्या आटल्या की डिलीट करा. पण त्याआधी त्या आयपीकडे बोट दाखवणारी प्रत्येक डीएनएस नोंद काढा, विसरलेल्या ‘टेस्ट’ आणि ‘डेव्ह’ या उपनामांसकट. तो आयपी लवकरच दुसऱ्या भाडेकरूला मिळेल, आणि नोंद राहिली असेल तर तुमच्या नावाच्या पाटीखाली त्याचं दुकान उघडेल.